सहलींतले फोटो जातात कोठें?

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ, त्याची पत्नी, त्यांचीं दोन मुलें आणि मी असे आम्ही पांच जण काजवे पाहण्यासाठीं भंडारदऱ्यास गेलों होतों. अकोले तालुक्यांतील हें ठिकाण वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच. प्रवरा नदीवरील तेथील धरण १९२६ सालीं पुरें झालें. जवळच कळसूबाईचें शिखर आहे; त्याची उंची १६४६ मीटर असून महाराष्ट्रांत त्याहून उंच डोंगर नाहीं. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे या डोंगरांच्या पायथ्याच्या रानांत काजव्यांची अशी कांहीं दाटी होते कीं, हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारखीं झाडें अंधारांत एकदम उजळतात व एकदम विझतात. हें पाहण्यास अलीकडे शहरांतून हजारों माणसें येतात. आम्ही शहरचे नव्हतों, तरी गेलों. कारण मुलांचा हट्ट होता.

रात्रीं नऊच्या सुमारास आम्ही रस्ता सोडून रानाच्या कडेस उभे राहिलों. दिवे लावूं नयेत, मोबाइलची बत्ती पाडूं नये, असें वाटेवर बजावून सांगण्यांत आलें होतें. तथापि काजवे चमकूं लागतांच शंभर-पन्नास हात वर झाले, आणि प्रत्येक हातांत एक लहानसा उजेड दिसूं लागला. कांहींच्या यंत्रांतून वीज चमकावी तसा प्रकाश पडे, व तो पडला कीं समोरचें झाड क्षणभर कोरें होऊन जाई. ज्यांस काजव्याचा स्वभाव ठाऊक आहे ते सांगतात कीं, तो हौसेनें चमकत नाहीं. नर चमकून मादीस खूण करितो, मादी त्यास उत्तर देते, आणि हें संभाषण त्यांस थोड्या दिवसांच्या आयुष्यांत उरकावयाचें असतें. दोघे जण महत्त्वाचें बोलत असतां तिसऱ्यानें मध्येंच ढोल बडवावा, तसा आपला उजेड त्या बोलण्यांत पडतो.

माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे. स्वभावानें गरीब, सांगितलेलें ऐकणारा. त्यानें बत्ती लावली नाहीं. परंतु अर्धा तास तो झाडाकडे न पाहतां हातांतील पडद्याकडे पाहत राहिला. चित्रांत काळोखाशिवाय कांहीं उमटेना, म्हणून तो पुनः पुनः प्रयत्न करी. नऊ वर्षांची पुतणी मात्र रिकाम्या हातांनीं उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, झाड श्वास घेतंय बघा." मीं पाहिलें, आणि खरोखरच तसें होतें. मग मीं पुतण्यास जरा रागानें म्हटलें, "ठेव तें खिशांत. डोळे कशाला दिले आहेत?" त्यानें निमूटपणें तें खिशांत ठेविलें.

त्या वेळीं मला वाटलें, मी योग्य तेंच बोललों. घरीं आल्यावर मात्र तें बोलणें माझ्या मनांत घोळत राहिलें, आणि आज मी तें अर्धेंच खरें मानितों. तें कां, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

कोणी म्हणेल कीं, ज्यांच्या घरीं पिकाची, पाण्याची, मुलांच्या फीची विवंचना आहे, त्यांनीं फोटोच्या नीतीची चर्चा कशास करावी? परंतु आतां खेडेगांवांतही मोबाइल नाहीं असें घर क्वचितच सांपडेल, व जेथें मोबाइल तेथें कॅमेरा आलाच. मंडळीचें वनभोजन, शाळेची सहल, माहेरवाशीण आली म्हणून नदीवर घालविलेला एक दिवस, सर्वत्र हें यंत्र आपल्या बरोबर असतें. जी वस्तु रोज हातांत असते तिच्या बऱ्यावाइटाचा विचार कोणीं तरी करावयास हवा.

हें साधन नेहमींच इतकें सुलभ नव्हतें. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर या गृहस्थाची कृति जाहीर झाली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. पुढें माणसांचीं चित्रें निघूं लागलीं तेव्हां डोकें हालूं नये म्हणून मानेमागें लोखंडी चिमटा लावीत. आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफीची सभा स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित फोटोकार होते. परंतु ती श्रीमंतांचे दिवाणखाने व सरकारी कामें यांतच राहिली. सहलीशीं तिची गांठ घातली ती अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यानें. १८८८ सालीं त्यानें कोडॅक नांवाची पेटी २५ डॉलरांस विकावयास काढली. तींत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. शंभर चित्रें संपलीं कीं सबंध पेटीच कारखान्यांत पाठवावयाची. तेथें चित्रें धुऊन, नवी फिल्म भरून, ती परत येई. १९०० सालीं त्याच कारखान्यानें ब्राउनी नांवाची एक डॉलरची पेटी काढली, ती मुलांच्याही हातीं देण्यासारखी होती. सुटींत कुटुंबानें बाहेर जावें व फोटो काढून आणावे ही रीत या पेट्यांबरोबर पसरली, आणि ती आपोआप पसरली नाहीं. जाहिरातींनीं ती लोकांस शिकविली. फोटो काढल्यावांचून सहल पुरी झाली नाहीं असें जें आपणांस वाटतें, तें वाटणेंही कोणे एके काळीं कोणीं तरी विकलेलें आहे, हें विसरूं नये.

पुढचा इतिहास वाचकांनीं स्वतः पाहिलेला आहे. १९७५ सालीं कोडॅकच्याच एका तरुण अभियंत्यानें, स्टीव्हन सॅसन यानें, फिल्मवांचून चालणारा कॅमेरा बनविला. कंपनीचा धंदा फिल्मचा, आणि शेवटीं फिल्म मागें पडून २०१२ सालीं तिच्यावरच दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत फिलिप कान नांवाच्या मनुष्यानें आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो इस्पितळांतूनच मोबाइलच्या साह्यानें आप्तमित्रांस धाडला. मोबाइलवरून पाठविलेल्या अगदीं पहिल्या चित्रांत त्याची गणना होते. बापानें काढलेलें लेकीचें चित्र! म्हणजे या यंत्राच्या जन्मकाळीं तरी त्याचा हेतु निर्मळच होता.

आतां माझ्या घरची एक गोष्ट सांगतों. १९८४ सालीं माझे वडील आम्हां सर्वांस एस. टी. नें याच भंडारदऱ्यास घेऊन गेले होते. वडिलांनीं एका मित्राकडून कॅमेरा मागून आणिला व पगारांतून एक रोळ विकत घेतला. रोळांत चित्रें ३६. तीं खर्च करतांना त्यांचा हात असा जपून चाले कीं, जणूं दुष्काळांत बियाणें पेरीत आहेत. प्रत्येक वेळीं ते आम्हांस उभें करीत, मागें जात, पुनः पुढें येऊन कोणाची तरी बटनें लावीत, आणि मग म्हणत, "हालूं नका रे, फुकट जाईल." रोळ तालुक्याच्या गांवीं धुण्यास दिला, तो तीन आठवड्यांनीं मिळाला. छत्तिसांपैकीं एकोणतीस चित्रें निघालीं. तीं अद्याप माझ्यापाशीं आहेत.

त्या एकोणतीस चित्रांत आम्ही भावंडें आहों, आई आहे, धरणाची भिंत आहे, रंधा धबधबा आहे. वडील एकाही चित्रांत नाहींत. फोटो काढणाऱ्यानें सूर्य पाठीशीं घ्यावा असें त्या काळीं सांगत, व वडील तसे उभे राहत. त्यामुळें संध्याकाळच्या एका चित्रांत, आम्ही ओळीनें बसलों आहों त्याच्या पुढें, गवतावर एक लांब सावली पडली आहे. तिचीं दोन्ही कोपरें बाहेर निघालेलीं आहेत. तेच माझे वडील. १९८९ सालीं ते वारले. भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो नोकरीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. त्यांत ते कोणावर तरी रागावले आहेत असें वाटतें, आणि ते तसे मुळींच नव्हते. माझ्या पुतण्यानें व पुतणीनें आजोबा पाहिले आहेत ते असे, एकदां रागावलेले आणि एकदां गवतावर पडलेले.

त्या दिवशीं आम्हां चौघां भावंडांपैकीं एकानें जरी म्हटलें असतें, "बाबा, द्या इकडे, तुम्ही बसा आईजवळ," तर काय झालें असतें? एक चित्र वांकडें आलें असतें, एवढेंच. परंतु तें कोणासही सुचलें नाहीं. जो सर्वांसाठीं करितो त्याची आठवण सर्वांत उशिरां होते. आजही पाहावें तर फारसा फरक नाहीं. माझ्या भावाच्या मोबाइलांत हजारों फोटो आहेत. त्यांत भावजय शोधूं गेलें तर ती कोठें तरी पाठमोरी, डबे उघडतांना किंवा कोणाचे तरी ओले कपडे पिळतांना सांपडते. तिला पुढें बोलाविलें कीं ती म्हणते, "माझा कशाला? केंस सुद्धां विंचरले नाहींत." तिचें तें म्हणणें खरें मानून घेणें घरांतल्या सर्वांस सोईचें पडतें.

म्हणून म्हणतों कीं, पुतण्यास मीं जें सुनावलें तें अर्धेंच खरें होतें. डोळे पाहण्यास दिलेले आहेत, यांत शंका नाहीं. पण डोळे मिटतात, व त्यांनीं पाहिलेलें त्यांच्याबरोबरच जातें. जो फोटो काढितो तो कधीं कधीं अजून न जन्मलेल्या माणसासाठीं काढीत असतो. त्यास नुसतें उथळ म्हणून हिणविणें न्याय्य नाहीं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती आतां केवळ वडीलधाऱ्यांची कुरकुर राहिलेली नाहीं; विद्वानांनीं तिचा प्रयोग करून शोध घेतला आहे. अमेरिकेंतील फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनीं विद्यार्थ्यांस एका संग्रहालयांतून फिरविलें; कांहीं वस्तू नुसत्या पाहावयास सांगितल्या, कांहींचे फोटो काढावयास सांगितले. दुसऱ्या दिवशीं विचारतां, ज्यांचे फोटो काढले होते त्याच वस्तू कमी आठवल्या. जणूं मनानें म्हटलें, यंत्रानें ठेवून घेतलें आहे, आतां मला ओझें नको. मात्र एखाद्या वस्तूचा एकच भाग जवळ आणून टिपावयास सांगितलें तेव्हां ही हानि झाली नाहीं. कारण तेथें नीट पाहावें लागलें. हा शोध २०१४ चा. पुढें २०१७ सालीं अलेक्झांड्रा बराश व त्यांच्या सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, जे आपल्या खुषीनें फोटो काढितात त्यांस पाहिलेलें अधिक आठवतें, परंतु कानांनीं ऐकलेलें कमी आठवतें. याच मंडळींनीं २०१८ मध्यें दाखविलें कीं, स्वतःच्या आठवणीसाठीं फोटो काढणाऱ्यापेक्षां, लोकांस दाखविण्यासाठीं काढणाऱ्यास त्या प्रसंगाचा आनंद कमी मिळतो.

मला या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली कानांविषयीं. १९८४ च्या सहलींतील सर्वांत स्पष्ट जी आठवण माझ्यापाशीं आहे ती एकोणतीस चित्रांत नाहीं. रंध्याच्या कड्यापाशीं धाकटा भाऊ पुढें पुढें सरकत होता, वडील त्यास हाक मारीत होते, आणि पाण्याच्या त्या प्रचंड आवाजांत त्यांची हाक अर्धवट फुटून आमच्याकडे येत होती. तो आवाज मला आज चाळीस वर्षांनींही ऐकूं येतो. माझ्या हातांत त्या वेळीं कांहीं नव्हतें, म्हणून तो माझ्या वांट्यास आला असावा.

दुसरी गोष्ट दाखविण्याविषयीं. ज्यास फोटो दाखवावयाचा तो तेथें हजर नसतो. परंतु सहलींतील सर्वांत मोठा पाहुणा तोच होऊन बसतो. त्याला काय आवडेल, तो काय म्हणेल, किती जण वाहवा करतील, याच हिशेबानें जागा निवडतात, उभें राहतात, हंसतात. काजवे पाहून परततांना माझ्या भावाचें व भावजयीचें भाकऱ्या कोणीं विसरल्या यावरून चांगलेंच वाजलें. तेवढ्यांत पुतण्यानें "इकडे पाहा" म्हटलें, आणि दोघेंही अशीं हंसलीं कीं तें चित्र पाहून आमच्या नातेवाइकांनीं त्यांचें कौतुक केलें. त्यास लबाडी म्हणावें इतका मी कठोर नाहीं. भांडणाचा फोटो कोणी भिंतीवर लावीत नाहीं. पण दुसऱ्यांचीं हंसरीं चित्रें रोज पाहून "आपल्याच घरीं कटकट आहे, लोक मात्र सुखांत आहेत" असें ज्यास वाटूं लागतें, त्यास कोणीं तरी त्या भाकऱ्यांची गोष्ट सांगावयास पाहिजे.

काजव्यांच्या चित्राचेंही असेंच झालें. घरीं आल्यावर पुतण्यानें मला दुसऱ्या कोणाचें एक चित्र दाखविलें. त्यांत रानभर लक्षावधि सोनेरी ठिपके पसरलेले. आकाशापेक्षां जमिनीवरच तारे अधिक. "आपल्याला असें कां दिसलें नाहीं?" असें त्यानें खिन्न होऊन विचारलें. शोध करतां कळलें कीं, अशीं चित्रें बहुधा एका क्षणाचीं नसतात. कॅमेरा तिवईवर ठेवून बराच वेळ एकामागून एक चित्रें घेतात व तीं सर्व एकावर एक रचून एक करितात. हें कौशल्य खरें, व तो प्रत्येक ठिपका कोठें तरी, केव्हां तरी खरोखर चमकलाही असेल. परंतु सबंध रात्रीची मळणी एका मुठींत मावली असें सांगूं नये. ज्यानें तें चित्र आधीं पाहिलें तो रानांत जाऊन निराश होतो, आणि रान तर आपल्या परीनें पूर्ण होतें.

त्या न दिसणाऱ्या पाहुण्यासाठीं कित्येकांनीं प्राणही गमाविले आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशीं संबंधित अभ्यासकांनीं ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळांतील जगभरच्या बातम्या पडताळल्या, तेव्हां सेल्फी म्हणतात तो स्वतःचा फोटो काढतांना १३७ घटनांत २५९ माणसें मेल्याचें दिसून आलें. सर्वांत अधिक मृत्यु आपल्या देशांतले, आणि कारणांत बुडून मरणें पहिलें. २०१६ च्या जानेवारींत वांद्र्याच्या किनाऱ्यावर असा फोटो काढतांना मुली समुद्रांत पडल्या. त्यांस वाचविण्यास एका मनुष्यानें उडी घेतली. तो आणि एक मुलगी परत आलीं नाहींत. त्यानंतर मुंबईंत पोलिसांनीं अनेक जागीं सेल्फी काढण्यास मनाई केली. पावसाळ्यांत धबधब्यावर मुलें घेऊन जाणाऱ्यांस यापेक्षां अधिक सांगण्याची जरूरी नाहीं.

परंतु माझ्या मतें या विषयाचा गाभा आणखी निराळाच आहे, आणि तो मला एका म्हाताऱ्या बाईनें दाखविला. काजवे पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही जलाशयाच्या कडेनें चाललों असतां, एका आंब्याखालीं ती पानांच्या द्रोणांत करवंदें व जांभळें घेऊन बसली होती. कपाळावर व हातांवर गोंदण, चेहऱ्यावर सुरकुत्यांचें जाळें. असा चेहरा दिसला कीं शहरांतील लोकांस राहवत नाहीं. आमच्या देखत दोन मोटारी थांबल्या, माणसें उतरलीं, तिचे फोटो काढले, आणि करवंदें न घेतांच निघून गेलीं. पुतण्यानेंही मोबाइल वर केला. तो तिला विचारील असें मला वाटलें. त्यानें विचारलें नाहीं. मीही कांहीं बोललों नाहीं, आदल्या रात्रीं बोलून झालें होतें म्हणून.

ती म्हणाली, "काढ, बाबा, काढ. समदेच काढत्यात." मग थोडें थांबून तिनें विचारलें, "पन येक सांग. ह्ये फोटू जातात कुठं? मला तर कुनी येकबी दावला न्हाई."

आमच्यापैकीं कोणापाशींही उत्तर नव्हतें. ते फोटो कोणाच्या मोबाइलांत असतील, कोणीं हजार माणसांस पाठविले असतील, एखाद्यानें त्यावर बक्षीसही मिळविलें असेल. ज्या चेहऱ्यावर हें सर्व उभें, त्या चेहऱ्याच्या धनिणीस मात्र तो पाहावयास मिळाला नव्हता.

आपल्या भाषेंत फोटो काढतात, हें मला तेव्हां नव्यानें जाणवलें. आपण विहिरींतून पाणी काढतों, पायांतला काटा काढतों, गेलेल्या माणसाची आठवण काढतों. आणि कर्जही काढतोंच. पाणी काढतांना विहीर कोणाची तें विचारतों. त्या विचारण्यावरून आपल्या देशांत काय काय झालें आहे, हें आमच्या वाचकांस मीं सांगावयास नको. कर्ज काढलें तर तें फेडावें लागतें. मग दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून जें काढलें तें तेवढें फुकटचें कसें?

ही गोष्ट जुनी आहे. १८७६ ते १८७८ या मद्रासकडील दुष्काळांत विलोबी हूपर नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें हाडांचे सांपळे झालेल्या माणसांस ओळीनें बसवून फोटो काढले. फोटो काढून त्यांस तसेंच सोडून दिलें, असा त्याच्यावर त्या काळींच आरोप झाला. आणि थोडें आपल्या घराकडे पाहावयाचें तर, जुन्या मिशन अहवालांत आपल्याच पणज्या-आजोबांचे फोटो पुष्कळदां असतात. साहेबाचें नांव असतें, आणि बाकीच्यांखालीं "खेड्यांतील एक कुटुंब" एवढेंच. त्या कुटुंबास तें चित्र कोणीं दाखविलें होतें काय? आम्ही खेड्यांतील माणसें. पिढ्यान्‌पिढ्या आमचे फोटो दुसऱ्यांनीं काढले. आतां तें यंत्र आमच्याही हातांत आलें आहे, आणि माझ्या घरच्या मुलानें त्या आंब्याखालीं तेंच केलें.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया, ओहायो या प्रांतांत आमिश नांवाचे ख्रिस्ती लोक शेती करून राहतात. ते बहुधा फोटोसाठीं उभे राहण्यास राजी नसतात. कोरीव मूर्तीविषयींची आज्ञा व गर्वाचें भय हीं दोन कारणें ते सांगतात. मला तें पहिलें कारण पटत नाहीं. चित्र म्हणजे मूर्ति नव्हे, आणि त्यास कोणी भजत नाहीं. भिंतीवरील फोटोस हार घालतांना आपल्या मनांत काय असतें, तें ज्याचें त्यानें पाहावें. पण "नको" म्हणण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, आणि जो "नको" म्हणूं शकत नाहीं त्याचा हक्क त्याहूनही मोठा समजला पाहिजे. करवंदें विकावयास बसलेली बाई गिऱ्हाइकास "नको" कशी म्हणेल? आणि आपलीं स्वतःचीं मुलें? माझ्या पुतणीनें एके दिवशीं बापास विचारलें, "मी नदींत आंघोळ करतानाचा फोटो तुम्ही सगळ्यांना कां पाठवला?" बाप हंसला, ती हंसली नाहीं. फ्रान्समध्यें २०२४ च्या फेब्रुवारींत झालेल्या कायद्यानें मुलाच्या चित्राचा हक्क जपणें हें आईबाप दोघांचें काम ठरविलें आहे, आणि मुलाचें वय व समज पाहून त्याचेंही मत घ्यावें असें म्हटलें आहे. हें सांगितल्यावर माझा भाऊ म्हणाला, "घरांतल्या पोरीला विचारायला आतां कायदा लागतो काय?" मीं म्हटलें, "विचारलें असतेंस तर लागला नसता." त्यावर तो दोन दिवस माझ्याशीं नीट बोलला नाहीं. असो.

त्या सकाळीं आंब्याखालीं पुतण्या बराच वेळ उभा राहिला. मग त्यानें खालीं बसून त्या म्हातारीस मोबाइलांतला तिचा फोटो दाखविला. तिनें डोळे बारीक करून पाहिलें व विचारलें, "ह्यो कागदावर निघंल का?" त्यानें होय म्हटलें. "मंग आन," ती म्हणाली, "आंब्याखालची म्हातारी म्हन, कुनीबी घर दावंल." आम्ही चार द्रोण करवंदें घेऊन निघालों. खरें सांगतों, तो तें वचन पाळील असें मला वाटलें नव्हतें. असलीं वचनें सहलींत पुष्कळ दिलीं जातात.

दिवाळीच्या सुटींत तो मित्राच्या मोटारसायकलीवर एकटाच गेला. आंब्याखालीं कोणी नव्हतें. भाताची कापणी चालली होती. विचारीत विचारीत तो खाचरांत पोंचला. म्हातारीनें विळा खालीं ठेविला, हात पदरास पुसले, आणि फोटो दोन्ही हातांनीं धरून पुष्कळ वेळ पाहिला. सोबतच्या बायकांनीं पाहिला. मग ती त्याला म्हणाली, "येकच आनला? लेकरा, दोन लेकी हाएत माझ्या, येक राजुरात दिली, येक घोटीला. येकीला दिला तर दुसरी रुसंल."

तेव्हां तो दुसरी प्रत काढून आणण्यास राजुरास गेला.